राजमातेच्या हातचं दूध

डोंगरातल्या बुतारा राज्यात माणूस माणसाला भेटला की आधी त्याचं लाडनाव विचारतो. खरं नाव घराच्या आढ्याला टांगून ठेवलं तरी कुणाचं काही अडत नाही, पण लाडनावावाचून तिथे साधी विचारपूससुद्धा करता येत नाही. ही लाडनावं मोजकीच. राजापासून गुराख्यापर्यंत सगळा मुलूख त्याच नावांत वाटून घेतलेला. मूल जन्मलं की आत्या जमतात, नाचणीचा गोळा मोडून खातात आणि त्या इवल्याशा जिवाला त्यातलं एक नाव देऊन टाकतात. बाहेरून सून आली तर तिला नाव देण्याचा मान सासूचा. सासू आपल्या भांड्यातलं दूध तिला पाजते, नाव देते आणि ते भांडंही देऊन टाकते. तेवढं झालं की ती घरची. तोवर पाहुणी, मग तिला चार मुलं का होईनात.

कोकुतोना चार वर्षं पाहुणीच होती.

ती मोठ्या पाण्याकाठच्या बुसीराची राजकन्या. दोन राज्यांत काठावरच्या गावांवरून लढाई झाली, दोन्हीकडची भरपूर माणसं मेली आणि शेवटी दोन्ही राजे थकले. थकलेले राजे करतात तेच त्यांनीही केलं. तिच्या बापानं मुलगी दिली, बुतारानं गाई दिल्या. बुसीरातल्या मासेमारांना त्या लांब शिंगांच्या गाईंचं काय करावं कळेना. गाईंनी पहिल्याच आठवड्यात राजाच्या केळीच्या बागेतले सगळे कोंब खाल्ले. इकडे बुतारातल्या लोकांनाही या मुलीचं काय करावं ते कळलं नव्हतंच. फक्त ती केळीचे कोंब खात नव्हती, म्हणून तक्रार करायला जागा नव्हती एवढंच.

दरबारात तिला सगळे 'पाण्याकडची' म्हणत. तोंडावरही म्हणत, कारण दुसरं म्हणणार काय? नणंदा तर या शब्दाला असा काही हेल देत, की ऐकणाऱ्याला मासळीचा वासच यावा. राजा बासिगारा माणूस वाईट नव्हता. रणात भाला घेऊन पुढे घुसणारा हा गडी आईच्या अंगणात शिरला की गोगलगाय होई. कोकुतोनानं एकदा विचारून पाहिलं होतं, मला नाव कधी मिळणार म्हणून. तो म्हणाला, "ते आईचं काम आहे." आणि पायाशी असलेलं गवत उपटत बसला.

राजमाता न्याकाहुमा या बाबतीत एक अक्षर बोलत नसे. तिचा धाकटा भाऊ त्या लढाईत पाण्यात बुडून मेला होता, डोंगरातल्या माणसाला पोहता कुठून येणार? त्याचं प्रेतही मिळालं नाही. कोकुतोनाला हे ठाऊक होतं, म्हणून सुरुवातीला तिला सासूचा राग येत नसे. पण रोज सकाळी भेटीला जायचं, गवत पसरलेल्या जमिनीवर गुडघे टेकायचे, सगळ्या सुनांची लाडनावं एकेक करून उच्चारली जाताना ऐकायची आणि आपली पाळी आली की 'तूही आलीस का' एवढंच पदरात पडायचं. याचा राग कुणाला येणार नाही?

तिला बुताराच्या चालीरीती शिकवल्या बुनुरानं. बुनुरा राजवाड्यातली दुधाची भांडी धुरी देऊन तयार करणारी म्हातारी, तोंडानं फटकळ. बायकांनी धार काढायची नाही, ते पुरुषांचं काम. दूध घुसळायचं ते बायकांनी. दूध पिताना बोलायचं नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे मासा खाल्लेल्या पोटात दूध जाऊ द्यायचं नाही. मध्ये एक अख्खी रात्र गेली पाहिजे, नाहीतर ज्या गाईचं दूध तिची कास सुकते आणि वासरू जातं. तसा मासा राजवाड्याच्या कुंपणात येतच नसे.

"गाईला कसं कळतं गं, मी काय खाल्लं ते?" कोकुतोनानं हसत विचारलं होतं.

"तुला भूक लागली ते तुझ्या पोरीला कळतं का? नाही ना. पण पोरीला लागली की तुझा पान्हा दाटतो. तसंच," बुनुरा म्हणाली. "आणि पाण्याकडच्यांनी फार प्रश्न विचारू नयेत."

तेव्हा कोकुतोनाला ते सगळं हास्यास्पदच वाटलं होतं. माहेरी दूध कुणी पीतच नव्हतं, आणि मासा तर श्वासासारखा रोजचा. धुरी दिलेल्या भांड्यातलं दूध तोंडाशी नेलं की तिला मळमळे. पण ती शिकली. गाईंना नावानं ओळखायला लागली. बिहोगो नावाची काळपट तांबडी गाय तिच्या अंगणाजवळ बांधली जाई. कोकुतोनाची मुलगी अब्वोली त्या गाईच्या पोटाला पाठ लावून झोपायची. गेल्या वर्षी बिहोगोचं वासरू मेलं तेव्हा सगळ्या राजवाड्यात कुजबुज झाली, कुणाच्या तोंडून चूक झाली म्हणून. कोकुतोनानं काहीही वावगं खाल्लं नव्हतं. तरी त्या दिवशी अंगणात बसून तिनं आठवून पाहिलं, आठ दिवसांत आपण काय काय तोंडात घातलं ते. नंतर स्वतःलाच हसली.

अब्वोली तीन वर्षांची. तिला जन्मल्याबरोबर आत्यांनी नाव दिलं होतं, कारण ती बापाच्या चुलीची. मध्यंतरी तिनं विचारलं होतं, "आई, तुला काय म्हणतात?"

"तुला काय म्हणायचंय ते म्हण."

"पण नाव काय?"

कोकुतोनानं तिला केळं सोलून दिलं. पोरीला तेवढ्यावर विसर पडला, आईला पडला नाही.

अशातच मोठ्या पावसाळ्यानंतर माहेरचे लोक आले. पुढे होता कागारुकी, तिच्या आईचा भाऊ. अंगावर झाडाच्या सालीचं तांबूस वस्त्र, हातात काठी, पाय चालून चालून सुजलेले. राजानं त्याच्यापुढे पाहुण्याला द्यायच्या कॉफीच्या भाजक्या बियांची टोपली धरली, त्यानं दोन उचलून दाढेखाली धरल्या आणि मग निरोप सांगितला. कोकुतोनाचा बाप वर्षापूर्वी वारला होता हे तिला माहीत होतं. आता गादीवर तिचा भाऊ होता, आणि भावाचं डोकं पहिल्यापासूनच गरम. त्याचं म्हणणं असं, की आमची मुलगी काही वाटसरू नाही. चार वर्षं झाली, अजून तिला घरात घेतलेलं नाही, म्हणजे लग्न पुरं झालेलं नाही. एक तर राजमातेनं तिला दूध पाजावं, नाहीतर मुलगी परत द्यावी. मग काठावरच्या गावांचं काय होईल ते होईल.

भावानं हे सगळं बहिणीच्या मानासाठी केलं होतं. बहिणीला विचारावं असं मात्र त्याच्या मनात आलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती की बाबा रे, गप्प बस. कारण ती परत गेली तर अब्वोली इथंच राहणार, मूल बापाच्या चुलीचं असतं. यात वाद घालायची सोय दोन्ही राज्यांत नव्हती.

राजा म्हणाला, मी आईशी बोलतो, नवा चंद्र दिसला की ती काय ते सांगेल. नवा चंद्र दिसायला अजून अवकाश होता. म्हणजे काही दिवस तरी आपल्या हातात आहेत, असं कोकुतोनाला वाटलं.

दुपारी मामा तिच्या झोपडीत आला. आधी नुसताच बसला. मग त्यानं झोळीतून केळीच्या सोपटात बांधलेली एक पुरचुंडी काढून तिच्यापुढे ठेवली.

"तुझी आई गेली, कोकु. पावसाच्या सुरुवातीला." तो म्हणाला. "ताप आला होता. आदल्या दिवशी चुलीवर हे धुरावर टांगलं होतं तिनं. म्हणाली, कुणी तिकडे जाणार असेल तर कोकुला पाठवा."

कोकुतोना रडली नाही. पुरचुंडी उघडली. आत मासा होता. आई नेहमी घालायची तो पाला घालून, मंद धुरावर वाळवलेला, कडेला थोडा करपलेला. आईचा मासा कडेला नेहमीच करपायचा, त्यावरून वडील जन्मभर तिला चिडवत आले होते. तो करपलेला भाग बघितला आणि मग तिला रडू फुटलं.

मामा उठून गेला. तिनं वेताचं दार ओढून घेतलं आणि खायला लागली. आधी एक तुकडा, नुसता जिभेवर ठेवायला म्हणून. मग दुसरा. मग दोन्ही हातांनी, काटे बाजूला काढत, नाक पुसत, लहानपणी काठावर बसून खायची तशी. आपण कुठं आहोत हे ती विसरली असं नाही. तिला ठाऊक होतं. पण आईच्या हातचं शेवटचं अन्न पुढे असताना कुठल्या कुंपणात बसलोय याची पर्वा कोण करतं? अर्धा मासा झाल्यावर ती थांबली. उरलेला बांधून ठेवला. हात राखेनं घासले. आज दूध प्यायचं नाही, एवढं मनाशी म्हणाली. उद्याचं उद्या.

आणि संध्याकाळी, गाई परतल्यावर गोठ्यात धूर केला होता तेव्हा, बुनुरा धापा टाकत आली. राजमातेनं बोलावलंय. आत्ताच्या आत्ता. नव्या चंद्राची वाट बघायची नाही म्हणते. स्वतःचं भांडं काढून बसलीय.

कोकुतोनानं पुन्हा एकदा हात राखेनं घासले आणि ती निघाली.

राजमातेच्या अंगणात राजा होता, नणंदा होत्या, आणि साक्षीला मामा बसवलेला. सगळ्यांच्या मधे चटईवर न्याकाहुमा. मांडीवर तिचं काळं लाकडी भांडं, त्यावर विणलेलं टोपीसारखं झाकण. वापरून वापरून भांड्याचा काठ गुळगुळीत झाला होता. अब्वोली आत्याच्या मांडीवर बसून टाळ्या वाजवत होती. आज आईला नाव मिळणार असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"ये, पाण्याकडचे," राजमाता म्हणाली. "तुझ्या भावाला घाई झालीय म्हणे. मलाही आता किती दिवस राहिलेत? उरकून टाकू."

गुराख्यानं धार काढून आणली. बिहोगोची. वासरू जेमतेम महिन्याचं होतं, खुंट्यापाशी उभं राहून हंबरत होतं. राजमातेनं दूध आपल्या भांड्यात ओतलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

कोकुतोनानं भांडं घेतलं. ते गरम होतं. चार वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात होतं. प्यायलं की संपलं. नाव मिळणार, पोर आपल्याजवळ राहणार, काठावरची गावं वाचणार, मामा समाधानानं घरी जाणार. तिनं भांडं ओठाशी नेलं. दुधाच्या वाफेत धुराचा वास होता आणि आतून, तिच्याच श्वासातून, माशाचा.

ती थांबली.

काय झालं ते मामाला लगेच कळलं. खाली बघत, ओठ फारसे न हलवता, तो आपल्या बोलीत पुटपुटला, "पी, पोरी. कुणाला कळणार आहे?"

खरंच कुणाला कळणार होतं? तिनं वासराकडे पाहिलं. गेल्या वर्षीचं वासरू पाय ताणून पडलं होतं ते तिला आठवलं. अब्वोली त्याच्या कानाशी तोंड नेऊन त्याला उठ म्हणत होती तेही आठवलं. तिनं भांडं खाली ठेवलं, फार जपून, थेंबही सांडू न देता.

"सासूबाई, मला हे पिता येणार नाही," ती म्हणाली. "मी दुपारी मासा खाल्लाय. माझी आई गेली, तिच्या हातचा होता. वासरू अजून लहान आहे."

एका नणंदेनं तोंडावर हात धरला. राजा गवत उपटायला लागला. मामा उभा राहून, मुलीला ताप आहे, ती काय बोलतेय तिलाच कळत नाही, असं काहीबाही सांगू लागला. राजमातेनं त्याला हातानं खाली बसवलं.

"प्यायली असतीस तर कोणाला कळलं असतं?"

"कोणालाच नाही."

"मग?"

कोकुतोनानं पुन्हा वासराकडे पाहिलं. "मेलं असतं तर मी काय केलं असतं?" ती म्हणाली, आणि हे आपल्या तोंडून कसं निघालं याचं तिलाच नवल वाटलं.

न्याकाहुमा मामाकडे वळून म्हणाली, "पाहुणे, तुमची झोळी कुंपणाच्या दारातून आत आली तेव्हाच मला वास आला होता. माझा भाऊ गेल्यापासून तो वास मला झोपेतही कळतो."

म्हणजे तिला ठाऊक होतं. बोलावणं आजच का आलं ते कोकुतोनाला कळलं, आणि इतक्या वर्षांचा राग एकदम वर आला.

"आणि मी प्यायले असते तर?" तिनं विचारलं.

"तर उद्या सकाळी तू मामाबरोबर परत निघाली असतीस," राजमाता म्हणाली, गाई कुठल्या कुरणात न्यायच्या हे सांगावं तितक्या सहज. "आणि पोर इथं. दूध काय, मी वाटसरूलाही देते. भांडं ज्याच्या हाती द्यायचं त्याला गाईची काळजी हवी. तुझ्या पोटात ती आहे की नाही, हे चार वर्षं मला दिसत नव्हतं. आज तुझी रात्र जाऊ दे. सकाळी ये."

ही बाई खरोखर तसं करणार होती, याबद्दल कोकुतोनाला शंका नव्हती. त्या क्षणी तिला सासूचा मनापासून तिरस्कार वाटला, आणि त्याच क्षणी तिला हेही कळलं की आपण तिच्याच घरच्या झालोय. ते कधी झालं ते मात्र कळलं नाही.

उजेड होता तोवर ती उरलेली पुरचुंडी घेऊन कुंपणाबाहेर मामाकडे गेली. तो आपल्या माणसांपासून दूर, एका दगडावर बसला होता.

"तुला हे खरं वाटतं?" त्यानं विचारलं. "मासा खाऊन दूध प्यायलं की वासरू मरतं, हे?"

"दुपारपर्यंत वाटत नव्हतं, मामा."

तिनं पुरचुंडी त्याच्या हातात दिली. म्हणाली, आत ठेवता येणार नाही, आणि टाकवत नाही. मग तिच्या ध्यानात आलं की आई जशी तिची होती तशी याची बहीण होती, आणि एवढ्या लांबून हा मासा आणताना त्यानं त्यातला तुकडाही मोडला नव्हता. मामानं सोपट सोडलं आणि तिथेच बसून खायला लागला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तो पुसत नव्हता. खाता खाता सवयीनं त्यानं एक मोठासा तुकडा काटे काढून साफ केला आणि लहानपणी द्यायचा तसा तिच्यापुढे धरला. करपलेल्या कडेचा होता. तिला तोच आवडायचा हे त्याच्या लक्षात होतं.

कोकुतोनाचा हात पुढे झाला आणि तिनं तो मागे घेतला.

"सकाळी दूध प्यायचंय," ती म्हणाली.

मामानं तुकडा तसाच धरून ठेवला होता. मग स्वतःच्या तोंडात घातला.

सकाळी ती दूध प्यायली. कुणी बोललं नाही, दूध पिताना बोलायचं नसतं. राजमातेनं तिला अतेनी हे नाव दिलं आणि आपलं भांडंही तिच्या हाती ठेवलं. ते नदीतल्या नागाचं नाव, आणि पाण्याकडून आलेल्या सुनेसाठी ते तिनं मुद्दाम निवडलं होतं. नणंदांनी पाळीपाळीनं नव्या नावानं विचारपूस केली, त्यांचा हेल एका रात्रीत गेला होता. आता मागे वळायचं नाही म्हणून साक्षीदारानंही नव्या नावानं हाक मारायची असते. कागारुकी पुढे आला, काठीवर वाकला आणि इथल्या बोलीत, अडखळत म्हणाला, "बरी आहेस ना, अतेनी?"

आई गेली होती, मामानंही जुनं नाव सोडलं; कोकु म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं.

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तरात समोरच्याचं लाडनाव घ्यावं लागतं. मामाला नव्हतं. सगळे थांबले होते. तेवढ्यात अब्वोलीनं आईचा हात ओढला आणि त्या सुजलेल्या पायांच्या, सालीचं वस्त्र नेसलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं.

"आई, हे कोण? पाण्याकडचे ना?"

नणंदांपैकी कुणीही हसलं नाही. अतेनीनं पोरीचं बोट मुठीत धरून खाली घेतलं.

"हो," ती म्हणाली. "पाण्याकडचे. माझे मामा आहेत ते."